रविवारची मिस्सा लोकल केबलवर द्यावी का? किनाऱ्यावरच्या छोट्या धर्मग्रामासाठी सल्ला हवा

शेवटचा_बाक (प्रश्न)

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या एका धर्मग्रामासाठी (एका चर्चच्या कॅथलिक वस्तीसाठी) विचारतो आहे. चर्च चिऱ्याचे, कौलारू, बाकांवर साधारण १८० माणसे मावतात. रविवारी एकच मराठी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), सकाळी साडेसातला, तासाभराची. गावच्या केबलवाल्याने त्याच्या लोकल चॅनलवर रविवारी सकाळची वेळ देऊ केली आहे. नाताळापर्यंत फुकट, पुढे महिन्याचे भाडे.

धर्मग्राम समितीत तीन तट पडलेत. पहिला म्हणतो, अंथरुणाला खिळलेली, घाटी चढू न शकणारी माणसे आहेत, त्यांच्यासाठी लगेच सुरू करा. दुसरा म्हणतो, मिस्सा घरात दिसू लागली की अर्धे बाक रिकामे. तिसऱ्याला मिस्सा नकोच, अर्ध्या तासाचे प्रवचन आणि भजन असा कार्यक्रम हवा, म्हणजे इतर धर्मांचे शेजारीही बघतील.

फादर म्हणतात, आधी माहिती काढा, मग बिशपांकडे जाऊ. म्हणून विचारतो: मुळात करावे का? केबल की यूट्यूब? परवानग्या कोणाच्या? सामान काय लागते आणि पावसाळ्यात काय बिघडते? तत्त्वाची भांडणे चालतील, पण कामाच्या गोष्टी जास्त सांगा.

मेणवात

तुमच्या तीन तटांना तीन वेगळे कार्यक्रम हवे आहेत, पण ते एकाच कार्यक्रमावर भांडताहेत. हे आधी समितीच्या वहीत लिहून घ्या, अर्धी बैठक वाचेल.

पहिला तट घ्या. टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून पोप पायस बारावे यांनी १९५८ मध्ये असिसीच्या संत क्लाराला जाहीर केले. कारण काय, तर आजारपणामुळे नाताळच्या उपासनेला जाता आले नाही तेव्हा तिला ती उपासना अंथरुणावरूनच दिसली, ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणजे टीव्हीसाठी संत निवडताना चर्चने वक्ता निवडला नाही, आजारी बाई निवडली. माझ्या मते सगळे उत्तर इथेच आहे. प्रक्षेपण अंथरुणावरच्या माणसासाठी असेल तर करा, बाकी हेतू नंतर बघू.

दुसऱ्या तटाची भीती खोटी नाही, पण तिच्यावर नियम स्पष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९८ च्या ‘दिएस दोमिनी’ या पत्राच्या ५४ व्या परिच्छेदात आजारी, अपंग किंवा अन्य गंभीर कारणाने येऊ न शकणाऱ्यांनी रेडिओ-टीव्हीवरच्या मिस्सेशी मनाने जोडून घ्यावे असे म्हटले आहे. त्याच परिच्छेदात हेही आहे की अशा प्रक्षेपणाने रविवारचे कर्तव्य आपोआप पूर्ण होत नाही. ज्याला खरोखर येता येत नाही त्याच्यावर ते कर्तव्य मुळातच नसते. तेव्हा धडधाकट माणसाने घरी चहा पीत बघितलेली मिस्सा ही मिस्सा झाली असे नाही. हे वाक्य प्रक्षेपणाच्या सुरुवातीला पाटीवर टाकू नका, आजारी माणसाला ते टोचते. वेदीवरून, बाकांवर बसलेल्यांना सांगा.

परवानगी: चर्चच्या कायद्यातला ७७२ वा कॅनन, म्हणजे कलम (दुसरा परिच्छेद) आणि ८३१ वा कॅनन (दुसरा परिच्छेद) पाहा. रेडिओ-टीव्हीवर ख्रिस्ती शिकवण द्यायची तर बिशप परिषदेचे नियम लागू होतात. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, त्यामुळे तुमचा अर्ज सावंतवाडीला जाईल. अर्जात पाच गोष्टी द्या: कोणती मिस्सा, थेट की मुद्रित (आधी रेकॉर्ड केलेली), कोण जबाबदार, चित्रफीत किती दिवस ठेवणार, पैसा कुठून. शेवटची गोष्ट बहुतेक अर्जांत नसते आणि अर्ज तिथेच अडकतो.

थेट की मुद्रित? मिस्सा द्यायची तर थेट आणि अखंड द्या. कापून, मध्ये जाहिरात घालून, दुपारी पुन्हा लावलेली मिस्सा म्हणजे नुसती चित्रफीत. पहिली टीव्ही-मिस्सा २४ डिसेंबर १९४८ ला पॅरिसच्या नोत्र दामहून गेली, तीही थेट.

आता ज्यात खरी मेहनत आहे ते. प्रक्षेपण आणि आजाऱ्यांचे कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) एकाच सकाळी बांधा. मिस्सा साडेआठला संपते. कम्युनियन देण्याची परवानगी असलेले प्रापंचिक सेवक वेदीवरूनच निघतील, पावणेनऊ ते साडेदहा या वेळात घरे घेतील. एका सेवकाला पाच घरांपेक्षा जास्त देऊ नका. वाडी चढून-उतरून एका घरी पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. घरच्यांना आधी सांगा: टीव्हीशेजारी टेबल, पांढरे कापड, मेणबत्ती, ग्लासभर पाणी. ज्या घरी सेवक जाऊ शकत नाही तिथे फोन तरी गेलाच पाहिजे. पडद्याबरोबर माणूस जात नसेल, तर केबलच्या भाड्यात एका रिक्षाचे महिन्याचे भाडे बसते का ते आधी बघा. चार आजारी माणसे रिक्षाने चर्चमध्ये आणता आली तर ते कधीही बरे.

हेडएंड

केबलच्या बाजूने लिहितो.

सर्वात आधी यादी करा. ज्या घरांसाठी हे चालले आहे तिथे टीव्हीला काय जोडलेले आहे? केबल, खाजगी डिश, डीडी फ्री डिश की नुसताच मोबाइल? कोकणात केबल बाजारपेठेत आणि मुख्य रस्त्यालगत असते. डोंगरावरच्या वाडीत बहुतेक छपरावर डिशच दिसते. डिशवाल्याला गावचे लोकल चॅनल दिसणार नाही, कितीही बटणे दाबली तरी. तीस आजारी घरांपैकी बावीस डिशवर असतील तर विषय तिथेच संपला. एका रविवारी मिस्सेनंतर दारात वही घेऊन उभे राहिलात तर हे काम होते, पण आजारी घरांत जाऊनच विचारावे लागेल, कारण ती माणसे दारात येणार नाहीत.

कायदा. तुमच्या केबलवाल्याचे ‘लोकल चॅनल’ म्हणजे सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सेवा. माहिती व प्रसारण मंत्रालयाचे नियम ३० नोव्हेंबर २०२२ चे आहेत. नोंदणी एमएसओच्या (गावच्या केबलवाल्याला चॅनले पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या) नावाने असते, चॅनलमागे एकदाच १,००० रुपये. पडद्यावर प्लॅटफॉर्म सेवा असल्याची पट्टी लागते, प्रत्येक कार्यक्रमाचे मुद्रण ९० दिवस जपावे लागते, आणि अशी चॅनले एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. केबलवाल्याकडे नोंदणीचा कागद मागा. ‘सगळे असेच चालवतात’ हे उत्तर आले तर थांबा. उद्या चॅनल बंद झाले तर तुमच्या आजी रविवारी निळा पडदा बघत बसतील.

याच नियमांत एक सोय आहे. प्लॅटफॉर्म सेवेवरचा मजकूर एरवी दुसऱ्या प्लॅटफॉर्मला देता येत नाही, पण मंदिरे, गुरुद्वारे अशा धर्मस्थळांचे थेट प्रक्षेपण वाटून घ्यायला परवानगी आहे. म्हणजे थेट मिस्सा शेजारच्या तालुक्यातल्या केबलला द्यायला मार्ग मोकळा आहे. तिसऱ्या तटाच्या मुद्रित कार्यक्रमाला ही सूट धरून चालू नका.

मजकुराला केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ लागू. सहाव्या नियमात कोणत्याही धर्मावर किंवा समाजावर हल्ला, धार्मिक गटांबद्दल तुच्छता दाखवणारी दृश्ये वा शब्द यांना बंदी. सातवा नियम जाहिरातींचा: ज्या जाहिरातीचा हेतू पूर्णपणे किंवा मुख्यतः धार्मिक आहे ती चालत नाही. म्हणून तुमची वेळ ‘कार्यक्रम’ म्हणून करारात लिहा, ‘जाहिरात वेळ’ म्हणून पावती घेऊ नका. आणि तुमच्या मिस्सेच्या आधी-नंतर काय लागणार तेही करारात येऊ द्या. शेवटच्या आशीर्वादानंतर तीन सेकंदांत लॉटरीची किंवा ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात येणे ही रोजची गोष्ट आहे.

स्वतःचे उपग्रह चॅनल काढायचे कोणी समितीत बोलत असेल (असतोच एक), तर त्याला सांगा: अर्जदार कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) हवी आणि बातम्या नसलेल्या पहिल्या चॅनललाच निव्वळ मालमत्ता ५ कोटी रुपये लागते. पुढचे बोलणे नको.

चर्चपासून हेडएंडपर्यंत (केबलवाल्याच्या मुख्य यंत्रणेपर्यंत) चित्र कसे न्यायचे? इंटरनेट हा दुसरा पर्याय. केबलवाल्याची फायबर चर्चच्या रस्त्यावरून जात असेल तर त्यातली एक मोकळी तार मागा, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, चर्चमध्ये एचडीएमआय एन्कोडर (कॅमेऱ्याचे चित्र पाठवण्याजोगे करणारे यंत्र), झाले. इंटरनेट नसले तरी मिस्सा जाते. इंटरनेटवरूनच पाठवायचे असेल तर एसआरटी ही पाठवण्याची पद्धत वापरा, साधी आरटीएमपी पद्धत घेतली तर प्रवाह डळमळीत लाइनवर लगेच तुटतो. एसआरटीची लेटन्सी (मुद्दाम ठेवलेला उशीर) रोजच्या पिंगच्या (संदेश जाऊन परत यायच्या वेळेच्या) किमान चौपट ठेवा. पिंग ८० मिलिसेकंद असेल तर ३२० च्या खाली जाऊ नका, खराब लाइनवर हजारापर्यंत न्या. मिस्सेत सेकंदभर उशिराने कोणाचे बिघडत नाही.

मुद्रित फाइल द्यायची तर १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, एच.२६४, आवाज ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ, पातळी उणे २३ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचे माप) आसपास. मोबाइलवर काढलेले चित्र थेट पेनड्राइव्हवर आणू नका. मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, पहिल्या दहा मिनिटांत ओठ आणि आवाज जुळतात, चाळिसाव्या मिनिटाला फादर बोलून झाल्यावर आवाज येतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिर २५ फ्रेम’ करून मगच द्या. अक्षरे पडद्याच्या कडेपासून दहा टक्के आत ठेवा, जुने टीव्ही कडा खातात.

चिरेबंदी

सामानाचे बोलूया. लोक कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. आवाजापासून करा. आजारी माणूस डोळे मिटून मिस्सा ऐकू शकतो. खरखरीत आवाजाची सुंदर मिस्सा पाच मिनिटांत बंद होते.

चर्चच्या स्पीकरला जाणारा आवाज तोच टीव्हीला देऊ नका. स्पीकरमध्ये फक्त फादर आणि वाचक असतात. गायकवृंद आणि लोकांची उत्तरे तशीच ऐकू येतात म्हणून त्यांना माइक नसतो. तो आवाज टीव्हीवर गेला की फादर रिकाम्या विहिरीत एकटेच बोलताहेत असे वाटते. मिक्सरवरून वेगळा ऑक्स (आवाजाची वेगळी वाट) काढा, प्री-फेडर, म्हणजे चर्चचा आवाज कोणी कमी-जास्त केला तरी टीव्हीचा हलणार नाही. त्यात एकूण सहा माइक पुरतात: फादरांचा कॉलर माइक, वेदीवर एक, वाचनमंचावर एक, गायकवृंदाला दोन, लोकांसाठी एक, तोही मधल्या वाटेवर तीन-साडेतीन मीटर उंच टांगलेला. वेदीचा माइक आणि कॉलर माइक एकाच वेळी उघडे ठेवले की आवाज पोकळ होतो. एक बंद ठेवा. गायकवृंदाचे दोन माइक एकमेकांपासून, गाणाऱ्याच्या तोंडापासूनच्या अंतराच्या तिप्पट लांब.

छताचे पंखे माइकवर वारा मारतात, फोमची टोपी घाला आणि १०० हर्ट्झखालचे कापा. जूनमध्ये कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस सुरू झाला की लोकांचा माइक पूर्ण खाली आणा, वाचकाला माइकपासून वीतभर अंतरावर उभे करा. दुसरा इलाज नाही.

कॅमेऱ्याला आवाज जोडताना दोन चुका ठरलेल्या. मिक्सरचा लाइन-पातळीचा आवाज माइकच्या भोकात घालणे, मग सगळे फाटते. पॅड (पातळी कमी करणारा जोड) लावा किंवा लाइन इनपुटच वापरा. दुसरी, पन्नास हर्ट्झची घूं. मिक्सर एका सॉकेटवर, कॅमेरा दुसऱ्या फेजवर असला की ती येते. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि दोन्ही एकाच बोर्डावर. अर्थिंगची तार कापून घूं घालवणारे असतात, त्यांना मिक्सरजवळ फिरकू देऊ नका, एखाद्या ओल्या दिवशी माइक धरणारा जिवानिशी जाईल.

चित्र स्विचरमधून (कॅमेरे बदलणाऱ्या यंत्रातून) येताना दोन ते चार फ्रेम मागे पडते. २५ फ्रेमला ते ८० ते १६० मिलिसेकंद. म्हणून आवाजाला तेवढा विलंब द्या. वेदीपुढे उभे राहून टाळी वाजवा, मुद्रण फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन मोजा.

दोन कॅमेरे बास. एक मागच्या माळ्यावर, संपूर्ण वेदी दिसेल असा, त्याला कोणी हात लावायचा नाही. दुसरा बाजूच्या खांबाशी, किमान १२ पट ऑप्टिकल झूमचा. डिजिटल झूमवर पैसे घालू नका. माळ्यावरून एचडीएमआयची तार खाली आणू नका, दहा-पंधरा मीटरनंतर चित्र चमकते आणि जाते. एसडीआय जोडणी घ्या, चांगल्या आरजी-६ तारेवर सत्तर मीटर निर्धास्त.

शटर १/५० वर बांधा, नाहीतर ट्यूबलाइट लपलपते. मंद करता येणारे स्वस्त एलईडी तरीही लपलपतात, ते पूर्ण उजेडावर ठेवा. वेदीमागे खिडकी असेल तर साडेसातला फादर दिसतील, आठला नुसती सावली. ऑटो बंद, चेहऱ्यावर एक्स्पोजर बांधा, खिडकीला जाडसर पडदा, समोरून ४५ अंशांत दोन दिवे. फादरांची पांढरी वस्त्रे उजेडात पार धुऊन निघतात. झेब्रा (जास्त उजेडाच्या जागी पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) ९५ वर लावून वस्त्रांवर पट्टे येणार नाहीत इतकाच उजेड घ्या. व्हाइट बॅलन्सही हाताने, नाहीतर दार उघडले की वेदी निळी.

यूट्यूबला ७२०, २५ फ्रेम, ३ एमबीपीएस पुरे. चित्र फार हलत नाही. सत्तर मिनिटांना १.६ जीबी. अपलोड स्थिर ६ एमबीपीएस हवे, आणि ते रविवारी साडेसातलाच मोजा, मंगळवारी दुपारी नव्हे. चिऱ्याच्या दोन-अडीच फुटी भिंतीत मोबाइलची रेंज मरते. सिमचा राउटर घंटाघराच्या झरोक्यात ठेवा, तिथून लॅनची तार खाली. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे घ्या. यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करायला चोवीस तासांपर्यंत लागतात, मोबाइलवरून करायचे तर ५० सदस्य लागतात. शनिवारी रात्री खाते उघडून काही होत नाही.

वीज: दोन कॅमेरे, एन्कोडर, राउटर, लॅपटॉप, मिक्सर मिळून दीडशे-पावणेदोनशे वॅट. ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस यावर पंधरा मिनिटेही मुश्किलीने ओढतो. १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी घ्या, दीड तास आरामात. मात्र इन्व्हर्टर पालटताना एन्कोडर रीस्टार्ट होतो, म्हणून एन्कोडर आणि राउटरपुरता तो छोटा यूपीएस मधे ठेवाच. वादळी पावसात, विशेषतः मे आणि ऑक्टोबरमध्ये, काम संपले की बाहेरून येणारी तांब्याची प्रत्येक तार उपटून ठेवायची.

खारी हवा. लेन्सला बुरशी, पिनांना हिरवा गंज. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि पंधरा-वीस रुपयांचा नव्हे, बरा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत. ६५ च्या वर राहिला तर बुरशी धरलीच समजा. जेलचा रंग पालटला की भट्टीत ११०-१२० अंशांवर दोन तास. कॅमेरा लोखंडी कपाटात कॅसकखाली (फादरांच्या लांब झग्याखाली) गुंडाळून ठेवणे हा प्रकार बंद. कापड ओल धरते.

उपदेश_कमी_करा

आम्ही मंडळीवाले (प्रोटेस्टंट), तेव्हा मिस्सेच्या नियमांत पडत नाही. पण तुमच्या तिसऱ्या तटाबद्दल बोलायला हवे, कारण पैसा आणि घोळ तिथेच असतो.

भाड्याच्या वेळेचा स्वभाव असा: भाडे भरायला पैसा लागतो, पैसा मागायला पडदा हाताशी असतो, आणि पडद्यावर पैसा मागायला लागले की कार्यक्रम देणाऱ्याच्या आवडीचा होत जातो. अमेरिकेत टीव्ही-धर्मप्रचारक जिम बेकर यांची पीटीएल ही संस्था याच वाटेने गेली. हजार डॉलरला आजीव भागीदारी, दरवर्षी तीन रात्री मुक्काम. खोल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त भागीदाऱ्या विकल्या. १९८७ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले, १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरले. तुमच्या गावात एवढा पैसा नाही हे ठीक, पण क्यूआर कोड आहे. पडद्यावर तो टाकूच नका. केबलचे वर्षाचे भाडे आधी समितीच्या अंदाजपत्रकात बसवा. बसत नसेल तर करार करू नका.

यूट्यूबवर मुंबई-आखातातले गाववाले बघतील आणि पैसे पाठवू म्हणतील. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ते परकीय देणगीत मोडत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्डवाला देतो ते मोडते, आणि एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी नसताना शंभर रुपये घेतले तरी तो गुन्हा. क्यूआर कोडला पासपोर्ट विचारता येत नाही.

प्रार्थनेने अमका बरा झाला, अशा साक्षी प्रसारित करू नका. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून फसवणुकीला त्यात सहा महिने ते सात वर्षे. साक्ष देणारा प्रामाणिक असेल, पण तिचा तीस सेकंदांचा तुकडा कापून कोण कुठे फिरवील ते आपल्या हातात नाही. रुग्णासाठी प्रार्थना करा, आजाराचे नाव आणि माणसाचे नाव पडद्यावर नको.

शेजारी बघणार असतील तर भाषा बघा. बाजारपेठेतल्या केबलवर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांच्या घरात एकच चॅनल लागते. चर्चच्या आत ‘अंधारातले लोक’ हा शब्द बायबलचा असतो. दुकानात लावलेल्या टीव्हीवर तो ग्राहकाला उद्देशून होतो. प्रवचन लिहून आणा, दुसऱ्याकडून वाचून घ्या.

आणि बोलत्या डोक्याचे अर्धा तास प्रवचन कोणी बघत नाही, पाळकांचे घरचेही नाही. आपल्याकडे त्याहून चांगला साचा पडून आहे. थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले ते ओव्यांत, कारण इथल्या माणसाला पुराण ऐकायची सवय होती. नारायण वामन टिळक जन्मले आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावला. त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. पूर्वरंग दहा मिनिटे, उत्तररंग पंधरा, पेटी-तबला, एक झांजवाला. कीर्तनकाराला उभे राहून हातवारे करायची सवय असते, कॅमेऱ्याला तेच हवे असते. शेजारी थांबून ऐकेल तो हे ऐकेल.

हक्कांचेही सोपे जाते. टिळक १९१९ मध्ये वारले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा आपला नियम, म्हणजे त्यांच्या भजनांचे शब्द कधीच मोकळे झालेत. नवी चाल बांधलेल्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क मात्र वेगळे. उपासनेत गाणे वाजवायला कायद्यात सूट आहे, ती प्रक्षेपणापर्यंत ताणू नका. सीडीवरचे गाणे मागे लावले की यूट्यूब आवाज बंद करते, तेही नेमके नाताळच्या रात्री. बायबलचा उतारा पडद्यावर अक्षरांत द्यायचा तर बायबल सोसायटीची परवानगी पत्राने घ्या.

शेवटचा_बाक

देव बरे करो सगळ्यांचे. वही घेऊन घरे फिरायला पुढच्या रविवारपासून सुरुवात करतो. एक राहिले: ही माणसे आणायची कुठून? आमच्याकडे तरुण म्हणजे दहावीची मुले, बाकीचे मुंबई-गोव्यात. किती जण लागतील, आणि कॅमेऱ्याने काय दाखवू नये?

आणि खलाशांचे काय? ऑगस्टपासून बोटी सुटल्या की रविवारी बरेच पुरुष समुद्रात असतात.

मेणवात

खलाशांना टीव्ही विसरा. प्रवचनाचा दहा मिनिटांचा नुसता आवाज काढा, ३२ केबीपीएस मोनो, फाइल २.४ एमबी होते. जेटीवर, रेंज जाण्याआधी फोनमध्ये उतरते. बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाका, म्हणजे शनिवारी नव्हे, तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारून. शनिवारी बोट आधीच बाहेर असते.

दाखवू नये ते: कम्युनियन घेणाऱ्यांची रांग आणि उघडी तोंडे, कन्फेशनची जागा (कोणी आत नसले तरी), रडणारा माणूस, पहिल्या बाकावरची लहान मुले ओळखू येतील इतकी जवळून. कम्युनियनच्या वेळी माळ्यावरचा स्थिर कॅमेरा किंवा वेदीवरची मेणबत्ती, आणि आवाजात गायकवृंद. पवित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा बदलू नका, झूमही नको. अल्तारबॉयच्या चुका झाल्या तर तिकडे कॅमेरा वळवायचा मोह आवरा.

चिरेबंदी

चार जण. एक आवाजावर, तो फक्त आवाजावर, कानात हेडफोन घालून आणि शक्यतो चर्चबाहेर किंवा सॅक्रिस्टीत (वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत), कारण आत बसला तर त्याला स्पीकरच ऐकू येतो. एक हलत्या कॅमेऱ्यावर. एक स्विचर आणि अक्षरांवर. चौथा घरी, खऱ्या टीव्हीसमोर, साध्या फोनवरून बोलणारा. चौथ्याला सगळे गाळतात आणि आवाज गेलेला अर्ध्या तासाने कळतो. त्या आजारी घरांपैकी एखाद्या घरचा नातू हे काम उत्तम करतो.

दहावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडा, म्हणजे प्रत्येक कामाला जोडी, एकूण आठ जण लागतील, नववीपासून शिकवायला घ्या. बदली माणूस नसेल त्या रविवारी माळ्यावरचा एकच कॅमेरा आणि आवाज. तेवढेही चालते.

रविवारची वेळ अशी बांधा: सव्वासहाला वीज, बॅटऱ्या, मेमरी कार्डे. साडेसहाला माइक एकेक करून, कॉलर माइकमध्ये प्रत्येक वेळी नवा सेल. पावणेसातला टाळीची चाचणी. सातला हेडएंडला रंगपट्टे आणि एक किलोहर्ट्झचा सूर, तिकडून फोनवर ‘दिसते, ऐकू येते’ असे दोन वेगळे होकार घ्यायचे. ‘आले’ एवढ्यावर फोन ठेवू नका. सव्वासातपासून स्थिर कॅमेरा आणि घंटा.

पहिले चार रविवार काहीही प्रसारित करू नका. सगळे असेच करा, पण फक्त मुद्रण, आणि ते बुधवारी फादरांसोबत बसून बघा. पाचव्या रविवारी केबलवाल्याला कळवा. आणि फादरांना सांगून ठेवा, सॅक्रिस्टीत पाऊल ठेवायच्या आधी कॉलर माइक बंद.